रहाटाच्या नावाने उचललेला भंडारा

उत्तमजिजांच्या तोंडून "येतो" एवढा साधा शब्द कधी सुखासुखी निघाला नाही. कुणी लग्नाची पत्रिका हातात ठेवली की ते ती उलटसुलट करून बघायचे, मुहूर्त मोठ्याने वाचायचे आणि म्हणायचे, "बगू, जमलं तर." आणि लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाच्या आधी हे मांडवात हजर. माझा स्वभाव मुळात फटकळ. एकदा न राहवून मी विचारलं, "जिजा, जायचंच असतं, तर 'येतो' म्हणायला तुमचं काय जातं?"

"बाई, 'येतो' म्हणलं आन् त्या दिशी तापानं फणफणलो, तर मी खोटा पडलो का न्हाई?"

"आजारी माणसाला कोण खोटं म्हणणार आहे?"

"दुसरं कुणी न्हाई म्हणणार," ते कानाची पाळी ओढत म्हणाले. "पर मला जेवण ग्वाड लागायचं न्हाई."

नेकनूरच्या पुढे, ओढ्याच्या काठी असलेल्या त्या लहानशा गावात मी शाळेवर बदली होऊन गेले, तेव्हा जिजांच्या घराला लागून असलेली खोली मला मिळाली. नोकरीची उरलेली सगळी वर्षं मी तिथेच काढली. सगळं गाव त्यांना आदराने जिजा म्हणायचं; उंच, पाठीत किंचित वाकलेले, खांद्यावर लाल गमजा, आणि विचारात पडले की हात कानाकडे. जिजांना जाऊनही आता काही काळ लोटला. परवा बीडच्या रस्त्यावर प्रचाराची जीप भोंगा वाजवत गेली, उमेदवार "मी तुम्हाला शब्द देतो" म्हणत होता, आणि मला एकदम जिजा आठवले.

त्यांच्या शब्दाचा त्रास मी स्वतः भोगला आहे. एकदा आम्ही दोघे बीडहून एकाच एसटीने गावी निघालो होतो. स्टँडवर कुणी अनोळखी बाई जिजांना म्हणाली, "काका, एवढी जागा धरा, मी पाणी घेऊन येते." जिजा नेमके "बरं" म्हणून बसले. बाई काही आली नाही. गाडी सुटली, पाली गाव मागे पडलं, गाडी माणसांनी खच्चून भरली आणि जिजांच्या शेजारची जागा गमजा टाकून रिकामी. कंडक्टर खेकसला. जिजा म्हणाले, "मी त्या माउलीला बरं म्हणलोय." कंडक्टर म्हणाला, "ती बाई बीडात राहिली!" जिजांनी विचार केला, कान ओढला आणि सांगितलं, "दुसऱ्या गाडीनं मांजरसुंब्याला येऊन बसली आसंल तर?" मांजरसुंब्याला गाडी थांबली तेव्हा यांनी खिडकीतून डोकं काढून बघितलं, मगच गमजा उचलला. तोपर्यंत मी घाटभर उभी होते. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही आणि त्यांना त्याचं कारणही कळलं नाही.

या माणसाचा जीव होता तो अंकुशतात्यांत. चुलतभाऊ, वयाने बरोबरीचे. दोघांच्या शेताला एकच बांध आणि एकच विहीर. आमच्याकडे एका बांधावर दोन चुलतभाऊ म्हणजे कोर्टाच्या तारखा ठरलेल्या, पण या दोघांत विहिरीच्या पाळीवरून कधी शब्दाला शब्द झाला नाही. अंकुशतात्या जिजांच्या उलट. बोलायला मोकळे, हसायला मोकळे, दिवसातून चार जणांना "आलोच" म्हणून पाचव्याकडेच बसलेले सापडायचे. जिजा त्यांना म्हणायचे, "तुझं बोलणं म्हंजी वाऱ्यावरची वरात हाय बे." तात्या म्हणायचे, "आन् तुझं तोंड म्हंजी तहसीलचं कपाट. उगडतच न्हाई." संध्याकाळी एकाच ओट्यावर एकमेकांना असं टोचत बसलेले हे दोघे म्हातारे बघितले की मला बरं वाटायचं.

तात्यांची बायको लवकर वारली. लेकरू एकच, रेखा. ती माझ्या वर्गात असताना शाळेच्या मागे तिला साप चावला. पावसाने ओढा भरलेला, गाडी मिळेना. नेमके त्या दिवशी भाऊसाहेब शाळेच्या खोलीच्या उद्घाटनाला आलेले. भाऊसाहेब म्हणजे आमचे आमदार, रहाट चिन्हावर निवडून येणारे. त्यांनी हार तसाच टेबलावर टाकला, पोरीला उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि गाडी ओढ्यातून काढायला लावली. मी त्या गाडीत होते. पोरगी त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर ओकली, ते तिच्या तोंडाशी तोंड नेऊन "डोळे मिटू नको बाळा" एवढंच म्हणत राहिले. पोरगी वाचली. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे, त्यामुळे पुढे त्यांनी जे केलं त्याबद्दल त्यांना एक शिवी हासडून मला मोकळं होता येत नाही.

भाऊसाहेबांचे विरोधक म्हणजे "मालक". मोठे जमीनदार, त्यांना सगळा तालुका मालकच म्हणे. ओढ्यावर पूल मिळावा म्हणून गावाने एकदा रस्ता अडवला, तेव्हा मालकांच्या माणसांनी जिजांवर आणि तात्यांवर मारहाणीची खोटी फिर्याद दिली. दोघे भाऊ एक रात्र कोठडीत बसून आले. तेव्हापासून मालकांचं नाव निघालं की जिजा बाजूला थुंकायचे. एरवी इतका सभ्य माणूस, पण तेवढं करायचे.

भंडाऱ्याची गोष्ट पुढच्या निवडणुकीतली. गाव लहान, मतं फुटायची, आणि दोन्हीकडचे लोक "तुमच्या गावानं आम्हाला काय दिलं?" म्हणून पुलाचं काम उडवून लावायचे. जिजांनीच सुचवलं की गावाने एकदा बेलभंडारा उचलावा. खंडोबासमोर बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन घेतलेली शपथ आमच्या भागात कुणी हसण्यावारी नेत नाही. देवळात सगळं गाव जमलं, भाऊसाहेबही आले. पुजाऱ्याने विचारलं, "कुणाच्या नावानं उचलायचा?"

अंकुशतात्या म्हणाले, "कुणाच्या म्हंजी? भाऊसाहेबाच्या."

जिजा म्हणाले, "थांब. माणसाच्या नावानं नगं. माणूस आज हाय, उद्या न्हाई. भाऊसाहेब, वाईट वाटून घिऊ नगा, पर तुमाला उद्या काय झालं तर गाव पुन्ना उघडं पडंल. रहाटाच्या नावानं उचला. चिन्ह काय मरत न्हाई."

सगळ्यांना ते पटलं. भाऊसाहेबांना तर फारच पटलं. त्यांनी जिजांची पाठ थोपटली आणि पुढे प्रत्येक सभेत ते आमच्या गावाचं उदाहरण देऊ लागले. पहिला भंडारा तात्यांनी उचलला, मग जिजांनी, मग बायाबापड्यांनी. मी परगावची, मतही माझं तिथलं नव्हतं, तरी मला अंगावर काटा आल्याचं आठवतं. जिजांना माणसाचा मृत्यू दिसत होता. माणूस जिवंतपणी पक्ष सोडून जाईल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

आणि तेच झालं. ती निवडणूक भाऊसाहेब जिंकले, मुंबईत सरकार बनलं, आणि मग एका सकाळी टीव्हीवर दिसलं की पक्ष फुटला. काही आमदार वेगळे निघाले, त्यात आमचे भाऊसाहेब. पुढे कोर्टकचेऱ्या होऊन रहाट राहिला मागे राहिलेल्यांकडे. विधानसभा पुन्हा लागली, तेव्हा रहाटवाल्यांकडे आमच्या मतदारसंघात उमेदवार नव्हता. त्यांनी मालकांना पक्षात घेतलं आणि रहाटाचं तिकीट मालकांना दिलं.

ज्या दिवशी ही बातमी आली, त्या दिवशी ओट्यावर बसलेल्या जिजांचा चेहरा मी बघितला. तोवर त्या माणसाला भीती वाटलेली मी कधी बघितली नव्हती.

गावाने मार्ग काढला. पुजारी म्हणाला, देव समजून घेतो, देवळात नारळ फोडा आणि शपथेतून मोकळे व्हा. दोन दिवस देवळासमोर करवंट्यांचा ढीग पडला. जिजांच्या घरातून मथुराबाईंनीही, म्हणजे त्यांच्या बायकोने, नवऱ्याला न विचारता नारळ फोडून खोबरं आणलं आणि त्याची चटणी केली. जिजांनी ती चटणी खाल्ली नाही. नारळही फोडला नाही.

अंकुशतात्या संध्याकाळी आले. मी माझ्या दारात तांदूळ निवडत होते, दोघांना माझी अडचण कधीच नव्हती.

"उत्तम, सगळ्या गावानं फोडला. तू कावून आडून बसलास?"

"मी उचललाय, अंकुश. मीच रहाटाचं नाव घ्या म्हणलो."

"म्हंजी मालकाला मत देणार? ज्यानं आपल्याला कोठडीत घातलं त्याला?"

"मालकाचं तोंड बगायची इच्छा न्हाई माझी. पर खंडोबाला कसं चुकवू?"

तात्या हळू आवाजात म्हणाले, "माझी रेखा आज चालती-बोलती हाय. तिला दवाखान्यात चिन्हानं नेलतं का बे?"

जिजांचा हात कानाकडे गेला आणि तिथेच राहिला. तात्या उठले, "बरं" म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर जिजा एकटे होते.

मला त्यांचा संताप आला होता, खरं सांगते. मी म्हणाले, "जिजा, देवाला एवढा हिशोब कळतो, तर त्याला एवढंही कळत असेल ना, की तुम्ही कुणासाठी उचलला होता?"

"देवाला कळतं हो, बाई," ते म्हणाले. "पर मी काय बोललो ते मलाबी कळतं."

मतदान ऐन ऊसतोडीच्या दिवसांत आलं. निम्मं गाव पश्चिमेकडे कारखान्यांवर गेलेलं, त्यांना एका दिवसापुरतं आणायला दोन्ही बाजूंनी टेम्पो धावले. भाऊसाहेबांचे टेम्पो अंकुशतात्यांनी स्वतः जाऊन भरून आणले. उसाच्या फडावरून थेट रांगेत, पाचटाचे ओरखडे हातावर तसेच. शाळेपासून ठरलेल्या अंतरावर दोन टेबलं लागली. एका टेबलावर तात्या, भोवती माणसांचा गराडा. समोर रहाटाच्या टेबलावर जिजा एकटे. मालकांना आमच्या गावात माणूसच मिळत नव्हता, म्हणून त्यांच्या लोकांनी ते टेबल जिजांपुढे आणून ठेवलं होतं. दिवसभर त्यांनी कुणाला हाक मारली नाही, कुणाला "लक्ष असू द्या" म्हटलं नाही. उन्हात टेबल तापलं तरी सरकले नाहीत. दुपारी मथुराबाईंनी दोन भाकरी पाठवल्या, त्यातली एक त्यांनी सवयीने फडक्यात बाजूला ठेवली. ती कुणासाठी, हे समोरच्या टेबलावरच्या माणसालाही कळलं असणार, कारण तात्या उठून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला पाठ करून बसले.

भाऊसाहेब थोडक्यात निवडून आले. गावात गुलाल उधळला. पोरांनी मुद्दाम जिजांच्या दारात हलगी वाजवली, घोषणा दिल्या. तात्यांनीच येऊन पोरांना हाकललं. जिजा दारात उभे होते. मला वाटलं, आता बोलतील. तात्या पोरांवर ओरडत ओरडतच निघून गेले.

पुढचं सगळं पेपरात आलं होतं. सरकार बनवताना बेरीज जुळेना, मग फुटलेले आणि राहिलेले एकत्र बसले आणि भाऊसाहेबांचा सगळा गट पुन्हा रहाटाच्या पक्षात गेला. मालकांना महामंडळ मिळालं. गुलाल अंगावरून पुरता उतरायच्या आत आमचे आमदार रहाटाचे झाले. म्हणजे जिजांची शपथही खरी ठरली आणि तात्यांची निष्ठाही, आणि दोघांनाही त्यात आनंद मानायला जागा उरली नाही.

मग पुलाचं भूमिपूजन आलं. ओढ्याकाठी मंडप, एकाच सोफ्यावर भाऊसाहेब आणि मालक, एकमेकांच्या कानात हसत होते. जिजा-तात्यांच्या अबोल्याचं कुणीतरी भाऊसाहेबांना सांगितलं असणार. ते माइकवर म्हणाले, "अरे, आम्ही एक झालो, मग या गावचे राम-लक्ष्मण वेगळे कावून? आणा त्यांना वर." लोकांनी दोघांना ढकलत स्टेजवर नेलं. भाऊसाहेबांनी एका हातात जिजांचं मनगट धरलं, एका हातात तात्यांचं, आणि फोटोवाल्याकडे बघत दोन्ही हात एकमेकांत घातले.

मी पहिल्या रांगेत, शाळेच्या पोरींना घेऊन बसले होते. मला अगदी स्वच्छ दिसलं. दोघांनी हात एकाच वेळी काढून घेतले. चटका बसावा तसे. टाळ्या वाजत होत्या, त्या अर्ध्यात थांबल्या. भाऊसाहेब हसले, म्हणाले, "वेळ लागतो, वेळ लागतो," आणि कुदळ मारायला उतरले.

घरी आल्यावर जिजा म्हणाले, "बगितलं का, बाई? त्यानं हात सोडवला."

"जिजा, दोघांनी बरोबरच सोडवला. मी बघत होते."

"न्हाई. मला त्याचा हात आदी निसटलेला कळला. मी भाऊसाहेबाच्या हातातून माझा हात काढत व्हतो. त्याच्या न्हाई."

मी तात्यांच्या घरी, रेखाकडे गेले. तात्या आतल्या खोलीत होते. तिथून त्यांनी ऐकवलं, "उत्तमनं समद्या गावासमोर माझा हात झिडकारला." मी तेच पुन्हा सांगितलं, जीव तोडून सांगितलं. दोघेही मला मानायचे, माझ्या पायापर्यंत वाकायचे, पण या एका बाबतीत दोघांनीही माझ्यावर विश्वास ठेवला नाही. ज्याचं त्याच्या हाताला जे कळलं होतं, तेच खरं.

विहिरीच्या पाळ्या तशाच चालू राहिल्या. एकाची पाळी संपली की तो मोटार बंद करून बांधावर दगड ठेवायचा, दुसरा येऊन दगड उचलायचा आणि मोटार सुरू करायचा. एकमेकांच्या पाण्याला कुणी हात लावला नाही. बोलणं तेवढं नाही. एवढं सगळं दोघांना जमत होतं आणि एक हाक मारणं जमत नव्हतं, हे बघून मला रडू यायचं.

अंकुशतात्या कपाशीला फवारा मारताना बांधावर बसले ते बसलेच. भर दुपारची वेळ. जिजा आपल्या शेतात होते. त्यांना तात्या बसलेले दिसत होते. विसावलाय, असं त्यांना वाटलं. दुसरं काही वाटायला हाक मारावी लागली असती.

मयतीला भाऊसाहेब आले. त्यांनी खांदा दिला, तेव्हा गर्दीने जागा करून दिली आणि त्या गर्दीत जिजा मागे रेटले गेले. ओढ्याकाठी श्रद्धांजलीची भाषणं झाली. भाऊसाहेब म्हणाले, असा निष्ठावंत कार्यकर्ता होणे नाही. त्यांचे डोळे भरले होते आणि ते रडणं खोटं नव्हतं. मग प्रश्न निघाला, अग्नी कुणी द्यायचा. तात्यांना मुलगा नाही. भावकीत जवळचे जिजा, पण अबोला सगळ्यांना माहीत.

रेखा बायकांतून उठली आणि गर्दी बाजूला सारत जिजांपुढे जाऊन उभी राहिली. "जिजा, मडकं तुमी धरा."

जिजा म्हणाले, "त्याला चालंल का, माय?"

"माझ्या बप्पांनी घरात तुमच्याबद्दल कुणाला वाईट बोलू दिलं न्हाई कधी."

"मंग माझ्याशी कावून बोलला न्हाई?"

रेखा म्हणाली, "तुमी बोलताल म्हून वाट बगत व्हते."

जिजांनी गमजा डोक्याला बांधला, मडकं खांद्यावर घेतलं आणि फेऱ्या मारल्या. मडकं फुटल्याचा आवाज झाला तेव्हा बायकांनी गळा काढला, त्यात एक पुरुषाचा आवाज होता. एवढा मोठा आवाज त्या माणसाच्या छातीत होता, हे मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला आम्ही गेलो. अस्थी गोळा झाल्या, जागा सारवून झाली, तात्यांना आवडायचं ते पानावर वाढून ठेवलं. लोक परत निघाले. घरी येऊन हातपाय धुतले, तेव्हा जिजा मागे राहिल्याचं ध्यानात आलं. रेखाने मला पाठवलं.

ते सारवलेल्या जागेपाशी उकिडवे बसले होते, डोकं नुकतंच भादरलेलं, पाठ माझ्याकडे. मला वाटलं रडत असतील. जवळ गेले तर ते बोलत होते. आवाज रोजच्यासारखा, संथ.

"...तुज्या कपाशीला येचणीच्या बाया सांगून ठिवल्यात मी, काळजी करू नगं. आपल्या म्हशीला रेडी झाली, तुला सांगायचं राहून गेलं. कपाळावर पांढरा ठिपका हाय. डोळ्याचं आपरेशन केलं मी, लिंबागणेशच्या पाटलानं गाडी दिल्ती. नातवाचं जावळ काढलं तवा तुझं ताट वाढून ठिवलं व्हतं. रेखाला ते केजकडचं स्थळ आलतं, ते बरं व्हतं बे, तू न्हाई कावून म्हणलास? मला इचारायचं व्हतं..."

मी म्हणाले, "जिजा, चला. लोक खोळंबलेत."

त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. "तुमी जावा, बाई," ते म्हणाले. "आमचं आत्ता कुटं बोलणं सुरू झालंय."

मी मागे फिरले. ओढ्याच्या वळणापर्यंत त्यांचा आवाज माझ्या कानावर येत होता. मधूनमधून ते थांबत होते, समोरच्याला बोलू द्यावं तसे.